गुडघ्याला किती थेंब, आणि सासूबाईंना एकही का नको

प्रश्न : माझं वय ५२. दोन्ही गुडघ्यांत झिजेचं दुखणं आहे. जिना उतरताना आणि सकाळी उठल्या उठल्या जास्त त्रास होतो. डॉक्टरांनी व्यायाम आणि गरजेपुरती गोळी सांगितली आहे, पण गोळीने माझं पित्त उसळतं. म्हणून इसेन्शियल ऑइलच्या पाच बाटल्या आणल्या : विंटरग्रीन, पेपरमिंट, निलगिरी, लव्हेंडर आणि शल्लकी. विंटरग्रीनने खरंच बरं वाटलं, म्हणून सासूबाईंच्या खांद्यालाही महिनाभर तेच चोळते आहे. त्या ७६ वर्षांच्या आहेत, हृदयाला कृत्रिम झडप आहे, रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी चालू आहे. मागच्या आठवड्यात मी गुडघ्याला तेल लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवली, तर फोड आले. काय चुकलं? थेंब नक्की किती घ्यायचे? शल्लकीच्या तेलाने सूज मुळापासून जाते म्हणतात, ते खरं का? १७ वर्षांच्या मुलीला पाळीत फार कळा येतात, तिला काय लावू? दोन थेंब कोमट पाण्यातून घेतले तर चालतील का? आणि घरात दिरांचा दीड वर्षाचा मुलगा आहे, त्याला या वासांचा त्रास होईल का?

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नांचा क्रम थोडा मोडते, कारण सगळ्यात निकडीची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे.

सासूबाईंच्या खांद्याला विंटरग्रीन लावणं आजच बंद करा. त्यांची आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं ते मोजणारी) तपासणी पुढच्या महिन्यात असली तरी थांबू नका. डॉक्टरांना फोन करून सांगा की मिथाइल सॅलिसिलेटचं तेल इतके दिवस, दिवसातून इतक्या वेळा, साधारण इतकं लावत होतो, तर तपासणी कधी करू? विंटरग्रीनच्या तेलात ९८ टक्क्यांच्या आसपास हा एकच पदार्थ असतो. तो ॲस्पिरिनच्या घराण्यातला. कातडीतून आत जातो आणि शरीरात गेल्यावर त्याचं सॅलिसिलिक आम्ल होतं. वॉरफेरिन घेणाऱ्या माणसांना असं तेल किंवा मलम नुसतं चोळल्याने आयएनआर वाढल्याची, काहींना रक्तस्राव झाल्याचीही उदाहरणं नोंदलेली आहेत. मात्र वॉरफेरिनची गोळी आपल्या मनाने कमी करू नका किंवा चुकवू नका. कृत्रिम झडपेवर गुठळी धरणं हा त्याहून मोठा धोका आहे. हिरड्यांतून रक्त येणं, न आपटता काळेनिळे डाग उठणं, लघवी लालसर होणं, शौचाला डांबरासारखं काळं होणं, अचानक जोराचं डोकं दुखणं यांतलं काहीही दिसलं तर फोन नको, थेट दवाखाना. आयएनआर ठीक असल्याचं कळेपर्यंत त्यांच्या खांद्याला साधं तिळाचं किंवा बदामाचं तेल हलक्या हाताने लावा. पुढे काही घालायचं झालं तरी विंटरग्रीन आणि लवंग ही दोन नावं त्यांच्यासाठी कायमची बाद धरा. लवंगेतलं युजेनॉलही रक्तातल्या बिंबिकांना (प्लेटलेट) एकमेकींना चिकटू देत नाही.

आता तुमचे फोड. इथे तीन गोष्टी एकत्र आल्या. तेल बहुतेक निव्वळ, म्हणजे बेस तेलात (तीळ, बदाम असं साधं तेल) न मिसळता, बाटलीतून थेट लावलं गेलं. वर शेक आला. आणि पिशवीमुळे कातडी झाकली गेली. उघड्या कातडीवरून या तेलाचा बराच भाग उडून जातो. झाकलं की तो उडत नाही, आत जातो. शेकाने रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे आत जाण्याचा वेग आणखी वाढतो. पेपरमिंटसारखं थंडावा देणारं तेल असेल तर भर म्हणून चटका बसतोय हेही वेळेवर कळत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेटच्या मलमांनी भाजल्याच्या तक्रारींवरून इशारा दिला होता. त्यांतली बरीचशी मलमं ३ टक्क्यांहून जास्त मेन्थॉलची, किंवा त्याच्यासोबत १० टक्क्यांहून जास्त मिथाइल सॅलिसिलेट असलेली होती. तुम्ही लावलं ते विंटरग्रीन असेल, तर ते ९८ टक्क्यांचं होतं.

फोड फोडू नका. वर स्वच्छ, न चिकटणारी पट्टी ठेवा. पू, वाढती लाली किंवा ताप आला तर दाखवून घ्या. मधुमेह असेल तर हे काहीही न दिसताच दाखवून घ्या. नवी कातडी येऊन तिचा गुलाबीपणा जाईपर्यंत त्या गुडघ्याला कुठलंही सुगंधी तेल लावायचं नाही. सोललेल्या कातडीतून ते कितीतरी पटीने आत जातं आणि ॲलर्जी जडण्याची सुरुवातही बहुतेकदा अशाच कातडीवर होते. पुढच्या वेळी तेल सांडलं, जास्त लागलं किंवा आग झाली तर आधी पाणी ओतू नका. ही तेलं पाण्यात विरघळत नाहीत, पाण्याने फक्त पसरतात. साधं खाद्यतेल कापसावर घेऊन पुसून काढा आणि मग साबणाने धुवा. डोळ्यात गेलं तर मात्र वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं.

तरीही तुम्हाला बरं वाटलं होतं, ते काही मनाचे खेळ नव्हते. या तेलांचा वेदनेवरचा परिणाम खरा आहे, फक्त तो कुठे होतो हे नीट समजून घ्यायला हवं. पेपरमिंटमधलं मेन्थॉल कातडीखालच्या मज्जातंतूंवरच्या टीआरपीएम८ नावाच्या ग्राहीला चाळवतं. ही ग्राही एरवी थंडीची वर्दी मेंदूला देते. मेन्थॉल लागलं की तापमान एक अंशानेही न उतरता मेंदूला ‘गार’ असा निरोप जातो, आणि त्या गर्दीत दुखण्याचा निरोप मागे पडतो. तापमानाच्या आणि स्पर्शाच्या ग्राहींच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पातापूतियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. त्या कामात मिरचीतलं कॅप्सेसिन आणि हे मेन्थॉलच हत्यार म्हणून वापरलं होतं. विंटरग्रीन आणि कापूर कातडीला किंचित डिवचतात, लाली आणतात. खालचं दुखणं वरच्या चुरचुरीने झाकायचं, अशी ती जुनी युक्ती. लवंगेतलं युजेनॉल तंतूमधले सोडियमचे मार्ग अडवून तो भाग बधिर करतं. दातांच्या दवाखान्याचा ओळखीचा वास त्याचाच असतो, कारण झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल कालवून तात्पुरतं सिमेंट करतात.

हे सगळं घडतं ते वरच्या वर. त्याची मुदत अर्धा तास ते दोन तास. गुडघ्याच्या आतल्या सुजेपर्यंत पुरेसं औषध पोचतं का, हा वेगळा प्रश्न आहे. ‘दाह कमी करतं’ असं ज्या तेलांबद्दल लिहिलेलं असतं, त्यामागे बहुतेक वेळा उंदराचा पंजा असतो. कॅराजिनन नावाचा पदार्थ टोचून पंजा सुजवतात, तेल पाजतात किंवा टोचतात आणि दर तासाला सूज मोजतात. सूज उतरते, यात खोटं काही नाही. पण डोस बघा. दर किलो वजनामागे १०० मिलिग्रॅम हा अशा प्रयोगांतला नेहमीचा आकडा. उंदीरजातीच्या मोठ्या प्राण्यावरून माणसाकडे येताना तो साधारण सहाने भागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास १ ग्रॅम तेल पोटातून द्यावं लागेल. घरी चोळताना तुम्ही दोन्ही गुडघ्यांना मिळून चमचाभर मिश्रण लावता. ४ टक्क्यांचं मिश्रण असेल तर त्यात अर्क जेमतेम ०.२ मिलि, आणि त्यातलाही मोठा भाग हवेत उडतो. एका प्रयोगात लव्हेंडरच्या तेलाने मालिश केल्यावर त्यातले घटक पाच मिनिटांत रक्तात सापडले आणि वीसेक मिनिटांत त्यांनी टोक गाठलं. पण ते होतं नॅनोग्रॅमच्या हिशेबात. ते शरीरात पोचलं एवढं त्यावरून कळतं, त्याने सांध्यातला दाह उतरेल हे कळत नाही.

म्हणून सरळ सांगायचं तर ही तेलं दुखणं तासभर मागे ढकलायला चांगली आहेत, सूज उतरवायला नाहीत. तो तासभर व्यायामाला वापरलात तर त्याचं सोनं होईल. मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम करण्याच्या वीस मिनिटं आधी तेल लावा. दुखतं म्हणून जो व्यायाम टळतो, तो होईल. गोळीने पित्त होतं म्हणता, तर डॉक्टरांना दाहशामक जेलबद्दल विचारा. गुडघ्याच्या झिजेत गोळीच्या आधी जेल वापरून बघा असंच आजकालचं वैद्यकीय मार्गदर्शन सांगतं, आणि त्यातलं औषध रक्तात गोळीच्या मानाने फार थोडं जातं. जेल आणि सुगंधी तेल एकाच वेळी, एकाच जागी मात्र लावू नका.

शल्लकीच्या बाटलीबद्दल वाईट वाटेल, पण ऐका. शल्लकीची जी कीर्ती आहे ती तिच्या डिंकातल्या बोस्वेलिक आम्लांची. या आम्लांच्या रेणूचं वजन ४५६ च्या घरात. ही तेलं भट्टीत वाफेवर काढतात, आणि वाफेबरोबर वर जाऊन पलीकडे थेंब होऊन पडायला रेणू हलका लागतो. मेन्थॉल १५६, युजेनॉल १६४, लव्हेंडरमधलं लिनॅलूल १५४. बोस्वेलिक आम्ल भट्टीच्या तळाशी डिंकातच राहतं. बाटलीत येतो तो पाइनीनसारख्या हलक्या घटकांचा छान वास. हीच गत हळदीची : करक्युमिन ३६८ वजनाचं, ते हळदीच्या इसेन्शियल ऑइलमध्ये येत नाही, तिथे टर्मेरोन येतात. आल्याचं तिखट जिंजेरॉलही वाफेवर काढलेल्या तेलात उतरत नाही, म्हणून ते तेल वासाला आलं असलं तरी जिभेला आल्याइतकं झणझणत नाही. (दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने काढलेला आल्याचा अर्क वेगळा, त्यात जिंजेरॉल असतं. लेबलवर काढण्याची पद्धत वाचायची ती याच्यासाठी.) उलट उदाहरणही आहे. जर्मन कॅमोमाइलचं तेल गडद निळं असतं, आणि तो निळा चामाझुलीन फुलात मुळी नसतोच. वाफेच्या उष्णतेत मॅट्रिसिनपासून तो तयार होतो. तेव्हा ‘वनस्पतीचे सगळे गुण एका थेंबात’ असं जिथे लिहिलेलं दिसेल, तिथे लिहिणाऱ्याने भट्टी पाहिलेली नाही असं खुशाल समजा. शल्लकीची बाटली फेकू नका, खोलीत वासाला वापरा. सुजेसाठी तिच्यावर विसंबू नका.

आता थेंब. थेंब हे माप मुळात लबाड आहे. २० थेंबांचा १ मिलि हे पुस्तकी गणित. बाटलीच्या तोंडाच्या भोकावर, तेलाच्या दाटपणावर आणि बाटली किती कलती धरली त्यावर तेच ३५-४० ही होतात. म्हणून सुई नसलेली १ मिलिची सिरिंज वापरा. त्यावर ०.१ च्या खुणा असतात. पेपरमिंटसारख्या तेलाने तिचा रबरी दट्ट्या फुगून अडकायला लागतो, तेव्हा एक सिरिंज एकदाच.

तुमच्या गुडघ्यासाठी, फोडाची कातडी पूर्ण भरून आल्यावर, हे करा. ३० मिलिची गडद काचेची बाटली घ्या, आतून पूर्ण कोरडी. आधी सुगंधी तेल घालायचं, मग बेस तेल. पेपरमिंट ०.९ मिलि, म्हणजे पुस्तकी १८ थेंब, आणि लव्हेंडर ०.३ मिलि, म्हणजे ६ थेंब. वर तिळाचं किंवा बदामाचं तेल गळ्यापर्यंत. बाटली हलवून फेस आणायची गरज नाही, दोन तळहातांत धरून अर्धा मिनिट फिरवा. हे झालं ४ टक्क्यांचं मिश्रण. चेहऱ्याला किंवा सगळ्या अंगाला हे फार कडक आहे, दोन गुडघ्यांपुरतं मोठ्या माणसाला चालतं. पेपरमिंट इतकं का, तर त्याच्यात मेन्थॉल साधारण ४० टक्के. म्हणजे तयार मिश्रणात ते १.२ टक्क्यांच्या आसपास येतं, आणि याहून खाली गेलं की वास येतो पण गारवा नीट लागत नाही. सगळीकडे सुचवलेली ‘३० मिलिला चार थेंब’ ही कृती सुरक्षित आहे, फक्त दुखण्याच्या दृष्टीने तिच्यात काही नाही. निलगिरी घातली तरी चालेल, पण तिने काम वाढत नाही, वास वाढतो. त्यातल्या सिनिओलचा खरा उपयोग नाक-छातीकडे जास्त. विंटरग्रीन या मिश्रणात घालू नका. तुम्ही स्वतः रक्त पातळ करणारं काही घेत नसलात, तरी तुमचे तेलाचे हात सासूबाईंच्या खांद्याला लागणार आहेत.

आधी तपासणी. तयार मिश्रणाचे दोन थेंब (बाटलीतलं निव्वळ तेल नव्हे) कोपराच्या आतल्या बाजूला लावा, वर कापडाची पट्टी, तिथे पाणी लागू द्यायचं नाही. २४ तासांनी बघा आणि पट्टी काढून ४८ तासांनी पुन्हा बघा. दुसऱ्यांदा बघणं लोक टाळतात, आणि ॲलर्जीचं पुरळ नेमकं तेव्हाच उठतं. खाज, पुरळ, जाड लाली दिसली तर ती बाटली तुमची नाही. काही दिसलं नाही तरी ते आजचं उत्तर आहे. रोज महिनोन्‌महिने लावत राहिलं तर अंगाला न चालणं पुढेही सुरू होऊ शकतं. म्हणून पंधरा दिवस लावलं की आठवडाभर सुट्टी द्या.

लावताना एका गुडघ्याला अर्धा चमचा, म्हणजे अडीच मिलि. तेल कोमट हवं असेल तर बेस तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून ते आधी कोमट करा आणि लावायच्या वेळेपुरतंच मिश्रण करा. मिश्रणाची बाटली गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवली की जे हवं तेच आधी उडून जातं. गुडघ्याची वाटी सोडून तिच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यांनी आणि वर मांडीकडे तळव्याने, पाच ते सात मिनिटं. जोर लावायचा तो मांडीच्या स्नायूवर, सांध्यावर नाही. गुडघ्यामागच्या खोलगट भागात दाबू नका. नंतर गुडघा उघडा ठेवा. शेक नाही, क्रेप बँडेज नाही, नी-कॅप नाही, निदान दोन तास. शेक हवाच असेल तर तो आधी घ्या, कातडी नेहमीसारखी गार होऊ द्या आणि मग तेल. हात साबणाने दोनदा धुवा. मेन्थॉलचे हात डोळ्याला लागले की पुढची वीस मिनिटं दुसरं काही सुचत नाही. दिवसातून दोनदा पुरे, तिसऱ्यांदा लावून तिसरा फायदा होत नाही.

गुडघा लाल, गरम आणि टम्म सुजला असेल, सोबत ताप असेल, पाय टेकवतच नसेल, किंवा पोटरी एका बाजूचीच सुजून दुखत असेल, तर चोळायचंच नाही. पोटरीत रक्ताची गुठळी असेल तर मालिशने ती सुटू शकते.

मुलीच्या कळांसाठी लव्हेंडर. याच्यावर माणसांवरचे बरेच छोटे प्रयोग झाले आहेत, आणि पोटाला साध्या तेलाने मालिश केलेल्यांपेक्षा लव्हेंडरवाल्यांच्या कळा कमी असं त्यांतल्या बऱ्याच प्रयोगांत दिसलं. खोट इतकीच की वास लपवता येत नाही. आपल्याला कुठलं तेल लागलंय हे घेणाऱ्याला लगेच कळतं, त्यामुळे आकडे जरा फुगतात. तरी नुकसान काही नाही. ३० मिलि बेस तेलाला ०.६ मिलि, म्हणजे १२ थेंब, हे झालं २ टक्क्यांचं. चमचाभर घेऊन बेंबीखाली घड्याळाच्या दिशेने दहा-पंधरा मिनिटं हलक्या हाताने. कळ टिपेला पोचल्यावर नाही, पाळी सुरू होण्याच्या आदल्या रात्रीपासून. तिला शेक मात्र भरपूर घेऊ दे, तेल पुसून घेतल्यावर. सुमारे ३९ अंशांचा सौम्य, सतत शेक पाळीच्या कळांवर आयबुप्रोफेनच्या तोडीचा ठरलेला आहे, त्यामुळे खरं वजन शेकाच्या पारड्यात आहे, तेल त्याच्या जोडीला. त्यातूनही दर महिन्याला शाळा बुडत असेल, गोळीनेही कळा हटत नसतील किंवा दर महिन्याला वाढत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) या वयातही असू शकतो आणि ‘पाळीत दुखतंच’ म्हणत तो वर्षानुवर्षं मागे राहतो.

तिचं डोकंही दुखत असेल तर पेपरमिंटच्या बाजूने सगळ्यात चांगला पुरावा ताणाच्या डोकेदुखीचाच आहे. जर्मनीतल्या प्रयोगात पेपरमिंटचं १० टक्के द्रावण अल्कोहोलमध्ये करून कपाळ आणि कानशिलांना लावलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा, तीस मिनिटांनी पुन्हा. परिणाम १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या तोडीचा आला. पण हे घरी कालवू नका, डोळे तिथून दोन बोटांवर आहेत. तयार रोल-ऑन घ्या आणि भुवईच्या वरच थांबा.

दोन थेंब कोमट पाण्यातून? नाही. तेल पाण्यात मिसळत नाही, ते निव्वळ थेंब होऊन तरंगतं आणि ओठ, जीभ, अन्ननलिका यांना तसंच चिकटतं. तुम्हाला पित्ताचा त्रास आहे, आणि पेपरमिंट जठराच्या तोंडाचा स्नायू सैल करून छातीतली जळजळ वाढवतं. पोटाच्या विकारात पेपरमिंटच्या कॅप्सूल देतात हे खरं आहे, पण त्यांचं आवरण जठरात न विरघळता आतड्यात विरघळतं. आतड्याच्या मुरड्यावर त्या चालतात, गुडघ्यावर नाही. विंटरग्रीनबद्दल तर एक हिशेब कागदावर लिहून त्या बाटलीलाच चिकटवून ठेवा. एक चमचा, ५ मिलि, म्हणजे साधारण ७ ग्रॅम ॲस्पिरिनच्या बरोबरीचं सॅलिसिलेट. ३२५ मिलिग्रॅमच्या ॲस्पिरिनच्या २१ गोळ्या.

आणि ती बाटली घरात दीड वर्षाचं मूल फिरतं तिथे आहे. त्या वयाच्या मुलाचा जीव जायला एक चमचा पुरतो, आणि तिचा वास च्युइंगमसारखा गोड आहे. माझं ऐकाल तर ती बाटली घरात ठेवूच नका. निलगिरी आणि कापूरही कमी नाहीत. मुलांनी थोडंसं प्यालं तरी झटके येऊ शकतात आणि ते काही मिनिटांतच येतात. बाकीच्या बाटल्या कुलपात ठेवा, थेंबाचं भोक असलेलं प्लास्टिकचं बूच काढून टाकू नका. कधी प्यालंच, तर उलटी करवू नका, तेल फुप्फुसात गेलं तर दुहेरी संकट. बाटली बरोबर घेऊन लगेच इस्पितळात जा. वासाबद्दल विचारलंत : पेपरमिंट आणि निलगिरी बाळाच्या नाकाजवळ, छातीला, उशीला लावायचं नाही. दोन वर्षांखालच्या मुलांत मेन्थॉल नाकाशी आलं तर श्वास अडखळू शकतो. तुम्ही गुडघ्याला लावल्यावर तासभर तो मांडीवर नको, एवढं पाळलं की पुरे. डिफ्युझर असेल तर दार उघडं ठेवून अर्धा तास, मग बंद. घरात मांजर असेल तर तोही नको. मांजराच्या यकृताला हे घटक नीट मोडता येत नाहीत, आणि अंगावर बसलेलं सगळं ते चाटून पोटात घेतं.

उरलेल्या बाटल्या तपासून घ्या. लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कुठल्या भागाचं तेल, बॅच क्रमांक आणि तारीख हवी. चांगला विक्रेता त्या बॅचचा जीसी-एमएस (तेलातले घटक वेगळे करून ओळखणारी तपासणी) अहवाल मागितल्यावर देतो. कागदावर थेंब टाकून बघायची युक्ती सगळ्यांना माहीत असते : डाग उडाला तर शुद्ध. तिने फक्त स्वयंपाकाचं तेल मिसळलंय का ते कळतं. कारखान्यात बनवलेलं मिथाइल सॅलिसिलेटही तसंच उडून जातं, आणि खऱ्या चंदनाचा किंवा वाळ्याचा डाग मागे राहतो. बाटली उघडल्यावर लव्हेंडर, पेपरमिंट दोनेक वर्षं चालतं, लिंबूवर्गीय आणि शल्लकीसारखी पाइनीनवाली वर्षभर. हवा लागून लिनॅलूल आणि लिमोनीनची जी ऑक्सिडीकृत रूपं होतात, त्यांनीच बऱ्याच ॲलर्ज्या होतात. वास टर्पेंटाइनकडे झुकला, तेल दाटलं, की कातडीला बंद. फ्रिजमध्ये कुलपाच्या डब्यात ठेवा, बाटली उभी, आणि शक्यतो भरलेली. अर्धी बाटली अर्धी हवा असते. लिंबाचं दाबून काढलेलं तेल कुणी सुचवलं तर ते लावून बारा तास उन्हात जाऊ नका, काळे चट्टे महिनोन्‌महिने जात नाहीत.

शेवटी, याचा तुम्हाला स्वतःला उपयोग होतो की नाही हे वहीत बघा. दोन आठवडे डाव्या गुडघ्याला नुसतं तिळाचं तेल, उजव्याला मिश्रण, दोन्हीकडे मालिश सारखीच, सात मिनिटं. लावण्याआधी, वीस मिनिटांनी आणि दोन तासांनी दुखण्याला ० ते १० मध्ये गुण द्या. मग आठवडाभर सुट्टी देऊन पुढचे दोन आठवडे गुडघे बदला. तेलवाल्या बाजूला सरासरी दीड-दोन गुणांनी जास्त उतार दिसला तर पेपरमिंट ठेवा. दोन्हीकडे सारखाच उतार असेल तर काम मालिशचं आहे. मग नुसतं तिळाचं तेल पुरे, आणि ते सासूबाईंच्या खांद्यालाही चालतं.